बर्फात एकच घंटा

ह्या चर्चची घंटा बघा. दोरी खुंटीला बांधल्याली हाय. आज रविवार, मानसं आत बसल्यात, तरी कुनी वाजवली न्हाई, कारन भाईर बर्फ पडतुया. ह्या सबंध काउंटीत, म्हंजी जिल्ह्यात, बर्फ लागला की एकच घंटा वाजती, टेकडीवरच्या कालिजाची. बर्फ थांबस्तवर वाजनार. पाव्हणं, कानावरची टोपी वर करा, मग ऐकू येईल. ऐकली? घाला आता, कान लाल झालं.

मी हितं ल्योकाकडं आठ वर्सं हाय. इंग्रजी येत न्हाई, मराठीबी सहीपुरती. ह्या घंटेची गोष्ट शेजारची म्हातारी सांगती, सूनबाई मला मराठीत करून देती. त्यात माझं मीठ किती, ते इचारू नका.

लई जुनी गोष्ट, म्हने. तवा हितं निस्ता मका, आन् मदी कालिज. तिथनं दोन मैलांवर एझ्रा नावाचा शेतकरी ऱ्हायचा. त्याची लेक लिडिया कालिजात शिकायची. लोक म्हनायचे, "एझ्रा, आता गाईचंबी नाव कालिजात घाल की." ही पोरगी दर शुक्रवारी दुपारी चालत घरला यायची. एका शुक्रवारी ती निघाली आन् वाटंत बर्फाचं वादळ आलं. हात पुढं केला तर बोटं दिसंनात. मका कापल्याला, रानात खूण म्हनून काय न्हाई.

एझ्राच्या दारात गड्यांस्नी जेवाय बोलवायची घंटा हुती. ती त्यानं बडवाय घेतली. कालिजाच्या शिपायानं ऐकली. कुनीतरी वाट चुकलंय म्हनून त्यानंबी आपली मोठी घंटा सुरू केली. भल्यासाठीच.

एझ्राची बायको म्हनाली, "दोन्हीकडनं बोलावनं, पोर जाईल कुठं? तू थांब. कालिजात तरी पोचंल." एझ्रा थांबला. त्याच वक्ताला शिपाई कालिजाच्या मास्तरला म्हनाला, "शुक्रवार हाय, एझ्राची पोर घरला निघालीया. बापाचंच ऐकू दे." त्योबी थांबला.

निस्ता वारा. मग दोघांनाबी वाटलं, समोरचा दमला. दोघांनी एकदमच परत सुरू केलं. परत एकदमच थांबले. असं पाच-सहा बारी झालं, म्हने. हसताय व्हय? मीबी हसलो हुतो. मग म्हातारीनं पुढचं सांगितलं.

बर्फ वितळला तशी लिडियाची पुस्तकं गावली. एक एझ्राच्या कुंपनाजवळ, एक टेकडीच्या पायथ्याला, दोन परत कुंपनाकडं. आन् ती मधोमध.

एझ्रा कालिजात गेला. भांडला न्हाई. भांडायचं कुनासंगं? म्हनाला, "बर्फात एकानंच बोलवायचं. तुमची घंटा मोठी हाय, तुम्ही बोलवा." घरी येऊन आपली घंटा त्यानं सवताच्या हातानं उतरवली. मग गावोगावच्या लोकांनी बर्फात आपली घंटा न वाजवायची शप्पत घेतली.

आजबी हितं बर्फ पडताना कुनी आई दारातनं पोराला हाक मारत न्हाई. माझी सूनबी न्हाई. दार उघडं धरून उभी ऱ्हाती. ओठ हलत्यात, आवाज न्हाई.