सर्व्हरवाल्या बाईंची मुदतवाढ

विषय: नगरपरिषदेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या कंत्राटी कर्मचारी श्रीमती वैजयंता निकुंभ यांना अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळण्याबाबत.
संदर्भ: त्यांचाच अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, एका गावात एक नगरपरिषद होती आणि त्या नगरपरिषदेत एक सर्व्हर होता. गावात कोण जन्मले, कोण वारले, कोणते घर कोणाच्या नावावर आहे, हे सारे त्या एका यंत्रात होते. यंत्र होते जुन्या जकातीच्या खोलीत. ते सांभाळत होत्या वैजयंताबाई.

बाई मानी होत्या, आणि त्याला कारणही होते. सात वर्षांत त्या यंत्रात चोर शिरला नव्हता. बाई रोज दहाला येत आणि आधी लॉग वाचत. लॉग म्हणजे यंत्राची हजेरीवही: कोण आले, कोणाच्या नावाने आले, कोणत्या दाराला धक्का देऊन गेले. बाकीचे कार्यालय तेवढ्या वेळात राशिभविष्य वाचून घेई. दर शुक्रवारी बाई साऱ्या नोंदींची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेत, ती डिस्क यंत्रापासून सोडवत आणि पाणीपुरवठ्याच्या इमारतीतल्या कपाटात कुलूप लावून ठेवत.

त्यांचा नियम एकच होता. ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढेच अधिकार. जन्माच्या कारकुनाला जन्माच्या नोंदी, मृत्यूच्या कारकुनाला मृत्यूच्या. कोणी कोणाच्या वाटेला जायचे नाही.

हा नियम कार्यालयाला रुचत नसे. तिथे माणसाची किंमत खुर्चीवरच्या टॉवेलवरून ठरे. ज्याचा टॉवेल मोठा, त्याला सारेच मोठे हवे.

अशात दिघावकर नावाचे नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाईंना बोलावले.

"मॅडम, या सर्व्हरवर मला कसले अधिकार आहेत?"

"बघण्याचे, साहेब."

"नुसते बघण्याचे? मी इथला प्रमुख आहे."

"म्हणूनच. तुमचं नाव सगळ्यांना माहीत असतं, साहेब. चोरांनासुद्धा."

साहेबांनी पूर्ण अधिकारांसाठी रीतसर अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिले, 'पदाच्या प्रतिष्ठेस अनुसरून'. बाईंनी शेरा मारला, 'प्रतिष्ठेने करावयाचे काम नमूद करावे.'

साहेबांनी पुन्हा बोलावले. "तुमच्या मुदतवाढीची फाइल माझ्या टेबलावर आहे, मॅडम."

"माहीत आहे, साहेब. तुमचा अर्ज माझ्या टेबलावर आहे."

घरात कमावणाऱ्या बाई एकट्याच होत्या. पण नियम त्यांनी वाकवला नाही.

शनिवारी साहेबांना एक ईमेल आला. 'आपल्या पदानुसार विशेष अधिकार मंजूर झाले आहेत. पासवर्ड टाकून स्वीकारावेत.' आपले पद कोणीतरी ओळखले, याचा साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पासवर्ड लगेच टाकला.

रविवारी दुपारी, सारे गाव जेवत असताना, चोर साहेबांच्या नावाने सर्व्हरमध्ये शिरले. नोंदींना स्वतःचे कुलूप ठोकून खंडणी मागायची, असा त्यांचा बेत होता. पण साहेबांना बघण्यापलीकडे काही करता येत नव्हते, म्हणून चोरांनाही येईना. तासभर त्यांनी गावाचे जन्म आणि मृत्यू नुसते पाहिले आणि ते कंटाळून गेले.

सोमवारी बाईंनी लॉग वाचला. प्रथम त्यांनी साहेबांचे खाते बंद केले. मग ऊर भरून आला. सगळ्या गावाच्या नोंदी जागच्या जागी होत्या.

मग पुढची ओळ वाचली आणि कान तापले. तीन वर्षांपूर्वी आजारपणात घरून काम करता यावे म्हणून बाईंनी स्वतःसाठी एक दार उघडले होते. पूर्ण अधिकारांचे. ते बंद करायचे राहून गेले होते. चोरांनी त्यालाही एकोणीस धक्के दिले होते. पासवर्ड लांब होता, म्हणून ते टिकले इतकेच. बाईंनी ते दार तिथल्या तिथे बंद केले. ती ओळ वाचता येईल असे कार्यालयात दुसरे कोणीही नव्हते.

अहवाल लिहायला बसल्या तेव्हा हेडक्लार्क पारखे जवळ येऊन वाकले.

"बाई, साहेबांचं नाव घालू नका. 'अज्ञात कारणाने' लिहा. मी नोकरीभर तेच लिहिलंय."

"म्हणून तर भाऊसाहेब, आपल्याला कुठलंच कारण ज्ञात नाही."

बाईंनी लिहिले: 'घुसखोरीस वाव मिळण्याची कारणे. एक, मा. मुख्याधिकारी यांनी पासवर्ड परक्यास दिला. दोन, खाली सही करणारीने स्वतःच्या सोयीचे दार तीन वर्षे उघडे ठेवले. ते टिकले हा योगायोग असून व्यवस्था नव्हे. यापुढे पूर्ण अधिकार दोघांच्या संमतीशिवाय वापरता येऊ नयेत, अधोहस्ताक्षरितेसही.'

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"दुसरा मुद्दा तुम्हाला कोणी विचारला होता?"

"कोणी नाही, साहेब."

"मग?"

"तो लिहिला नसता, तर पहिला लिहायला माझा हात उठला नसता."

साहेबांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझा तो अर्ज परत द्या."

"आवक वहीत चढलाय, साहेब. परत मिळत नाही. रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

साहेबांनी तो उभ्या उभ्या लिहिला. बाईंच्या मुदतवाढीवर शिफारस लिहून, अहवाल जोडून, फाइल वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवली.

वरिष्ठ कार्यालयाने अहवाल बारकाईने वाचला. तिथून शेरा आला की, कर्मचारी स्वतःची चूक लेखी मान्य करते असा प्रसंग यापूर्वी उद्भवला नसल्याने, मुदतवाढ द्यावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागवण्यात येत आहे.

बाई रोज दहाला येतात, ताठ मानेने जिना चढतात आणि लॉग वाचतात. नोंदी सुरक्षित आहेत. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या अधिकारांना कात्री लावणाऱ्याने ती आधी स्वतःच्या अधिकारांना लावावी, मगच त्याच्या नकाराला वजन येते.