सरकता ट्रे आणि बांधलेले गुडघे

मला हे सांगायचं नव्हतं. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या संघटनेची स्मरणिका निघते आहे. जाहिराती भरपूर जमल्या, आता एखादा बोधपर मजकूर हवा, असं अध्यक्षांच्या मनात आलं आणि त्यांनी माझ्याकडे माणूस धाडला. मी म्हणालो, मी चौथीतून उठलेला माणूस, मला दृष्टांत-बिष्टांत येत नाहीत. तो दारातून हलेना. म्हणाला, अध्यक्षांचा फार आग्रह आहे, तुम्ही लिहाल ते तसंच छापू, एक अक्षर बदलणार नाही. हे मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं आणि मग बसलो. आता ऐका.

एकदा एक वृद्ध कारागीर घाटाच्या पायथ्याशी लोखंडकाम करून राहत असे. स्वभावाने तो कडू होता, असे लोक म्हणतात. लोकांना गोड बोलणाऱ्याने केलेलं फाटक आवडतं, आणि मग ते फाटक वर्षभरात बिजागरीतून लोंबतं. असो. या वृद्धापाशी एक शिष्य होता. शिष्य कर्तासवरता, अंगाने चपळ, आणि हात तर देवाने दिलेला. वेल्डिंगचा टाका असा मारायचा की वरून बोट फिरवावं तर कळू नये. अशा शिष्याला शिकवणं फार जड. एकतर त्याचं चुकत नाही, आणि चुकतं तेव्हा ते कुणाला दिसत नाही.

एके दिवशी एक व्यापारी आपली पिकअप घेऊन दारात आला. पाटे-वरवंटे, जाती, खलबत्ते असा दगडी माल तो आठवडे बाजारांतून विकत असे. घरोघर मिक्सर फिरू लागल्यापासून हा धंदा मरणपंथाला लागला होता, पण दुसरा येत नव्हता. गाडी तो चालवी. माल दाखवण्याचं काम बायकोचं, कारण पाटा घेणाऱ्या बायका बाईशीच बोलतात. हौद्यात चढायचं, दगड ओढून कडेला आणायचा, गिऱ्हाइकाला नाही आवडला की परत ढकलायचा, असं करून करून त्या बाईचे गुडघे गेले होते. उठताना ती आधी फाळक्याला धरायची, मग देवाचं नाव घ्यायची. महिन्यापूर्वी हौद्यातून पडलीही होती.

व्यापारी म्हणाला, "मिस्तरी, टेबलाला खण असतो ना, तसा हौद्यात एक ट्रे बसवून द्या. हिनं खाली उभं राहायचं, ट्रे ओढायचा, माल बाहेर. वर चढायची भानगडच नको."

बाई म्हणाली, "पुन्ना पडले तर उठायची न्हाई मी. मग ह्येंचं दगड ह्येच पूजा करून घरात ठिवतील."

वृद्धाने काम शिष्यावर सोपवलं आणि बजावलं, "बाई ओढणार आहे. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद," शिष्य म्हणाला. मान वर न करता म्हणाला.

काम त्याने मन लावून केलं, हे कबूल केलंच पाहिजे. जुन्या शटरचे चॅनल रूळ म्हणून टाकले. त्यात बेअरिंग बसवले. अँगलची चौकट, वर जाड प्लाय, कडेला दगड घसरू नये म्हणून पट्टी. ट्रे आत असला की खटका पडायचा. बाहेर आला की शेवटाला दोन ठोकळे होते, त्यांना लागून थांबायचा, पुढे निखळून पडत नव्हता. वर पाटे रचले तरी एका बोटाने सरकायचा. व्यापाऱ्याने तसा तो सरकवून बघितला आणि लहान पोरासारखा हसला.

वृद्ध म्हणाला, "फार सरकतो."

शिष्य म्हणाला, "मावशींचे हात दुखू नयेत म्हणूनच केला ना."

"इथं फरशी सपाट आहे. ह्या मुलखात बाजार कुठं सपाट भरतो? गाडी चढावर घे."

ओढ्याकडून वर येणाऱ्या रस्त्यावर गाडी उभी केली, तोंड वर, हौदा खाली. पौष सरत आला होता, ऊन असून अंगाला लागत नव्हतं. बाई कडेच्या मैलाच्या दगडावर बसली. शिष्य हौद्यामागे उभा राहिला आणि त्याने खटका उचलला.

ट्रे दगडांसकट धावत बाहेर आला. ठोकळ्यांवर आदळला आणि थांबला. एक वरवंटा नुसता हलला, पडला नाही.

बाई म्हणाली, "लई पळतंय वं ह्ये."

"मावशी, पळायलाच तर केलंय," शिष्य हसून म्हणाला. "बघा वस्ताद. जागच्या जागी थांबला का नाही?"

वृद्धाने विचारलं, "तू कुठं उभा होतास?"

"इथंच की. मागं."

"ट्रे आला तेव्हा कुठं होतास?"

"तेव्हापण इथंच."

"इथं असतास तर आता बोलत नसतास."

शिष्याला राग आला. व्यापारी घड्याळ बघू लागला, कारण दुसऱ्या दिवशी बाजार होता. शिष्य म्हणाला, "वस्ताद, इतकी वर्षं झाली, माझं एक काम तुम्हाला पटलं असेल तर सांगा. ठोकळा तुटला का? टाका सुटला का? दगड पडला का? मग खोट काय ते दाखवा!"

आता पाहा वृद्धाने काय केलं. आधी त्या दोघांकडून ट्रे परत आत ढकलून खटका पाडून घेतला. पिकअपमध्ये माल बांधायचा काथ्या पडला होता, तो त्याने घेतला. स्वतःचे दोन्ही गुडघे एकत्र करून त्यांभोवती वेढे दिले आणि गाठ मारली. मग जिथे शिष्य उभा होता बरोबर तिथे, फाळक्याला धरून, टुणटुण करत जाऊन उभा राहिला.

"आता सोड," तो म्हणाला.

व्यापारी म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं का काय?"

बाई उठू लागली. उठायला तिला वेळ लागायचा. "अवं, न्हाई, सोडू नगा," ती म्हणत होती.

वृद्ध शिष्याला म्हणाला, "सोड, नाहीतर सगळं खोल आणि भंगारात टाक. ह्या दोनातलं एक."

शिष्याने बाजूने हात घालून खटका उचलला. रागाने उचलला, असं काही लोक म्हणतात. मला विचाराल तर त्याला वाटलं, वस्ताद बाजूला होतील. गुडघे बांधलेले समोर दिसत होते, तरी त्याला तसंच वाटलं.

ट्रे आला. ठोकळ्यांना लागून थांबला. जिथं थांबायला हवा, तिथंच थांबला. काम चोख होतं. फक्त त्या जागेच्या अलीकडे म्हातारा होता.

मांडीचं हाड मोडलं तो आवाज शिष्याला ऐकू आला नाही, कारण ठोकळ्यांचा आवाज मोठा होता. बाईला आला.

वृद्ध रस्त्यावर पडला होता. शिष्य काथ्याची गाठ सोडवायला वाकला. तेव्हा वृद्ध त्याला म्हणाला, "थांब. आधी ऐक. ठोकळा तू ट्रेसाठी केलास. माणसासाठी काय केलंस? मघाशी तू बाजूला झालास. तुझ्या पायांनी ते परस्पर केलं, तुला विचारलंसुद्धा नाही, म्हणून तुला कळलं नाही. आपण जे जे करतो ते आपल्याच पायांच्या भरवशावर करतो, बाबा. माझे गुडघे बांधलेले तुला दिसले, कारण काथ्या दिसतो. ह्या बाईचे केव्हाचे बांधलेले आहेत."

एवढं बोलून त्याने एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

तोंडाने सांगितलं असतं तर भागलं नसतं का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. सांगितलं होतं. 'बाई ओढणार आहे' म्हणजे दुसरं काय सांगितलं होतं?

मग पाटे-वरवंटे रस्त्याच्या कडेला उतरवले आणि त्याच ट्रेवर म्हाताऱ्याला घालून ट्रे आत सरकवला. अंगाला धक्कासुद्धा बसला नाही. काम चोख होतं म्हणतो ते उगीच नाही. बाई आत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिला चढवायला मात्र दोघांना हात लावावा लागला. दगड तिथेच पडून राहिले. रात्रभर कुणी नेले नाहीत. फुकट मिळाले तरी कुणाला नको होते.

पुढे शिष्याने तो ट्रे खोलला. रुळाला एक दांडा बसवला. दांडा हाताने दाबून धरला तरच ट्रे चालणार, हात सुटला की चढ असो, उतार असो, आहे तिथे गप्प उभा राहणार. गाडी परत त्याच चढावर नेली. काथ्या त्याने ठेवला होता. स्वतःचे गुडघे बांधून तो मागे उभा राहिला, हात सोडला, आणि ट्रे त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मग त्याने बाईला हाक मारून विचारलं, "मावशी, ह्या उंचीला तुमचा हात पुरतो का?"

असा प्रश्न त्याने तोवर कुणालाच विचारला नव्हता. बाईने हात लावून बघितला. म्हणाली, "जरा खाली घे, लेकरा." त्याने खाली घेतला.

गोष्ट खरं तर इथे संपते. पण दृष्टांतातली माणसं दृष्टांत संपल्यावरही जगतात, ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बाईने तो ट्रे दोन हंगाम ओढला. पुढे बाजारात पाटा विचारायला कोणी येईनासं झालं. मग बाईही गेली. व्यापाऱ्याने गाडी विकली, ट्रे काढून परसात ठेवला. आता त्यावर शेण्या-गोवऱ्या वाळत घालतात. मी जाऊन बघितला. दांडा अजून चालतो. ओढायला कोणी नाही.

म्हाताऱ्याचा पाय आखूड झाला तो झालाच. ऐरणीजवळ उभं राहणं संपलं. तो दारात खाटेवर बसतो आणि लोकांनी पाठवलेल्या माणसांशी वाद घालतो. आता कोण ते ओळखलंच असेल.

शिष्याचं मोठं वर्कशॉप झालं आहे. तिथे खिळ्याला तो काथ्या टांगलेला आहे. कुठलीही वस्तू बाहेर जाण्याआधी तो गुडघे बांधून तिच्यासमोर उभा राहतो, हाताखालच्यांनाही उभं करतो. शिडी केली तर एक हात पाठीशी बांधून चढतो. खंडेनवमीला हत्यारांच्या आधी त्या काथ्याला हळदकुंकू वाहतो. तात्पर्य म्हणाल तर एवढंच: काम ज्याच्या अंगावर जाणार, त्याचे गुडघे घेऊन एकदा त्या कामासमोर उभं राहावं.

लोक मला समजावतात, दादा, तो काथ्या पुजतो हीच त्याची माफी समजा. का समजू? काथ्याचं हाड मोडलं नव्हतं. दवाखान्यात पायाशी बसून राहिला, डबे आणले, रडला, सगळं केलं. पण 'वस्ताद, चुकलो' हे तोंडाने आजवर म्हणाला नाही. आणि आता माणूस धाडून माझ्याकडूनच बोध मागवतो.

एक अक्षर बदलणार नाही म्हणालात ना? मग माफी कुणाकडून यायची राहिली आहे तेही छापा, नावासकट: जालिंदर विठोबा खुटाळे, अध्यक्ष.