रुबीचा टोस्ट

लांब लांब इंग्लंडमध्ये एक गाव होतं. गावात सफरचंदांची बाग होती. बागेत राहायची रुबी. रुबी म्हणजे एवढीशी रॉबिन पक्षीण. छाती लाल लाल, पाय काडी काडी.

त्या गावाची एक रीत होती. ऐन थंडीत सगळे बागेत जमायचे. पातेली बडवायचे, गाणी म्हणायचे, झोपलेल्या सफरचंदाच्या झाडाला उठवायचे. आणि फांदीवर रॉबिनसाठी टोस्ट ठेवायचे. तो रॉबिनचा वाटा!

आज तोच सण होता. छोट्या टिलीनं फांदीवर टोस्ट ठेवला. रुबी खाणार, एवढ्यात वारा आला. सूं सूं सूं! टोस्ट घसरला. दोन फांद्यांच्या बेचक्यात जाऊन अडकला. घट्ट!

रुबीनं चोचीनं ओढला. निघेना. पायानं ओढला. निघेना. दिवस चालला मावळायला. पोटात तर कावळे ओरडायला लागले.

रुबी म्हणाली, "झाडबाबा, झाडबाबा, जरा हला ना!
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

झाड म्हणालं, "घुर्रर्र! मी झोपलोय. टिली गाईल, तर मी हलेन."

रुबी निघाली. टुणुक टुणुक, भुर्रर्र! टिली फाटकावर बसली होती.

"टिलीताई, टिलीताई, गाणं म्हण ना!
झाड हलेना,
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

टिली म्हणाली, "ठेका नाही, तर गाऊ कशी? विल्फकाका पातेलं वाजवतील, तर मी गाईन."

टुणुक टुणुक, भुर्रर्र! विल्फकाका हात चोळत उभे होते.

"विल्फकाका, विल्फकाका, पातेलं वाजवा ना!
टिली गाईना,
झाड हलेना,
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

विल्फकाका म्हणाले, "हुडहुडहुड! बोटं गारठली गं माझी. एडिथआजी गरम रस देईल, तर मी वाजवीन."

टुणुक टुणुक, भुर्रर्र! एडिथआजी सफरचंदाच्या रसात दालचिनी घालत होती.

"एडिथआजी, एडिथआजी, गरम रस द्या ना!
पातेलं वाजेना,
टिली गाईना,
झाड हलेना,
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

आजी म्हणाली, "अगं बाई, रस तर गारढोण! शेकोटी पेटेल, तर मी देईन."

रुबीला एका जागी उभं राहवेना. सूर्य टेकडीला टेकला की! टुणुक टुणुक, भुर्रर्र!

"शेकोटी, शेकोटी, पेट ना!
रस तापेना,
पातेलं वाजेना,
टिली गाईना,
झाड हलेना,
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

शेकोटी म्हणाली, "फुस्स! लाकडं ओली. एकच निखारा उरलाय. कुंपण सुक्या काटक्या देईल, तर मी पेटेन."

टुणुक टुणुक, भुर्रर्र!

"कुंपणदादा, कुंपणदादा, काटक्या दे ना!
शेकोटी पेटेना,
रस तापेना,
पातेलं वाजेना,
टिली गाईना,
झाड हलेना,
टोस्ट निघेना,
पोट माझं ऐकेना!"

कुंपण कण्हलं, "आई गं! डोक्यावर बर्फच बर्फ. मी पार वाकलोय. बर्फ खाली पडेल, तर मी देईन."

रुबीनं इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. आता कुणाला सांगायचं?

"मीच पाडते!" रुबी म्हणाली.

ती कुंपणावर चढली. टुणुक! बर्फ हलेना. टुणुक टुणुक! पाय घसरला. पडली, उठली, पंख झटकले, पुन्हा चढली. टुणुक टुणुक टुणुक टुणुक...

धप्प!

सगळा बर्फ खाली! कुंपण ताठ उभं राहिलं. "हुश्श! घे गं बाळे, हव्या तेवढ्या घे."

चोचीत एक काटकी. भुर्रर्र! आणखी एक. भुर्रर्र! आणखी एक. भुर्रर्र!

आणि मग काय झालं?

काटक्या मिळाल्या, शेकोटी पेटली. चट चट चट!
शेकोटी पेटली, रस तापला. खद खद खद!
रस तापला, विल्फकाका प्याले. घट घट घट!
विल्फकाकांनी पातेलं वाजवलं. ढण ढण ढण!
पातेलं वाजलं, टिली गायली. तिच्यामागून सगळा गाव गायला.

"उठा उठा झाडबाबा, झोप झाली फार!
लाल लाल सफरचंदं द्या हो टोपल्या चार!"

झाडानं दिली जांभई. आऽऽऽ! फांद्या हलल्या. सळ सळ सळ! आणि बेचक्यातून टोस्ट निसटला. टप्प!

टिलीनं तो उचलला. गरम रसात बुडवला. रुंद फांदीवर नीट ठेवला.

"हा रुबीचा वाटा!" टिली ओरडली. "कुणी हात लावायचा नाही!"

रुबीनं खाल्ला. चुट चुट चुट! टोस्ट मऊ मऊ, रस गोड गोड. पोट झालं गोल गोल. दिवसभर टुणटुणणारी रुबी आता गप्प बसली. पिसं फुगवली, चोच लपवली आणि डोळे मिटले.

टोस्ट गेला पोटात, गोष्ट राहिली ओठांत!