खोट्या विमानातला वारा

“...पण यंत्रानंच खोटा आकडा पाठवला, तर त्यात माझा काय दोष?”

शार्दूल केळुसकर अंगणात शिरता शिरता विचारत होता. चपला पायातच होत्या. नमस्कार राहून गेला होता, आणि तो राहिला हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

बुवा ओट्यावर बसून तवा घासत होते. जोरात घासत होते.

बुवा म्हणजे कुणी संन्यासी नव्हेत. खडकमाळच्या धावपट्टीवर त्यांनी आयुष्यभर मुलांना विमान चालवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावी गेले नाहीत. कुंपणाला लागून दोन खोल्या बांधल्या, दाढी वाढू दिली, आणि पोरांनी त्यांना बुवा करून टाकलं. शार्दूल हा त्यांच्या हाताखालून गेलेला सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्याला वेगळं सांगावं लागत नसे.

“बोला ना, बुवा.”

“बाजेखाली गांधीलमाश्या आहेत,” बुवा म्हणाले.

कडुलिंबाखाली सुंभाची एक बाज टाकलेली होती. शार्दूलनं तिकडे मान वळवली नाही.

“मी काय बोलतोय, आणि तुम्ही काय बोलताय.”

त्यानं लॅपटॉप ओट्यावर आपटला. आपटलाच म्हणायचा, अलगद ठेवला असं म्हणणं खोटं होईल.

शार्दूलनं फ्लाइंग क्लबच्या सिम्युलेटरसाठी हवामानाचं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, लिहिलं होतं. सिम्युलेटर म्हणजे खोलीतलं खोटं विमान. समोर पडद्यावर धावपट्टी, हातात दांडा, पायाखाली पॅडल, आणि पडून मरायची भीती नाही. धावपट्टीजवळच्या खांबावर वारा मोजणारं यंत्र आहे. त्याचा आकडा घेऊन शार्दूलचं ॲड-ऑन तोच वारा खोट्या विमानाला लावतं. बाहेर जसं हवामान, तसंच आत. निदान तो तसं छातीठोकपणे सांगत असे.

गेल्या आठवड्यात कस्तुरी पाथरे नावाची विद्यार्थिनी खरं विमान उतरवत होती. दुपार होती. दरीकडून वाऱ्याचा फटका आला, विमान तिरकं होऊन धावपट्टीबाहेर गेलं आणि पंख जमिनीला घासला. मुलीचा हात मोडला. आज चार वाजता क्लबची समिती बसणार होती. मुलगी घाबरली असं तिथं ठरलं, की तिचं उडणं संपलं.

“तुम्ही समितीला एवढंच सांगा, की ती घाबरली,” शार्दूल म्हणाला. “तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. ती म्हणत फिरतेय की सिम्युलेटरमध्ये दुपारचा वारा कधी आलाच नाही, म्हणून हातांना सवय नव्हती. साफ खोटं. आणि समजा नसेल आला, तर खांबावरचं यंत्र बिघडलंय.”

एका दमात दोन बचाव. पहिला पुरेसा असता तर दुसरा लागला नसता. पण स्वतःवर आलं की हुशार माणसालाही अंगण वाकडं दिसायला लागतं.

“यंत्राचा आकडा विमानाला थेट जातो?” बुवांनी विचारलं.

“थेट कसा जाईल? मध्ये मी तपासतो.”

“कसा?”

“सुरुवातीला त्या यंत्रावर एक घार येऊन बसायची, पंख फडफडवायची. वाऱ्याचा वेग पाच नॉट, मग एकदम पस्तीस, मग पुन्हा पाच. पाहुणे बघायला आले होते, त्यांच्यासमोर माझं विमान पडद्यावर भोवऱ्यासारखं फिरलं. सगळे हसले.”

हसले, हे सांगताना त्याचा चेहरा पुन्हा तापला. इतके महिने झाले, तरी ते हसू त्याच्या कानातून गेलेलं नव्हतं.

“मग?”

“मग मी नियमच घातला. आधीच्या आकड्यापासून एकदम उडी मारणारा आकडा खोटा धरायचा. तो फेकायचा आणि आधीचाच चालू ठेवायचा. त्यानंतर कुणी हसलं नाही.”

“फेकलेले आकडे कुठे आहेत?”

“कचरा कुणी जपून ठेवतं का, बुवा?”

बुवांनी तव्यावर मूठभर राख टाकली.

“बाजेखाली गांधीलमाश्या आहेत.”

“पुन्हा तेच! चार वाजता माझी अब्रू जाणार आहे, आणि तुम्हाला माश्या सुचतायत.”

“तुझी अब्रू,” बुवा म्हणाले. “तिचं काय?”

शार्दूल अंगणात येरझाऱ्या घालू लागला. शिकलेल्या माणसाला राग आला की तो मुद्दे मांडतो. शार्दूलनं मांडले. यंत्र स्वस्तातलं आहे. तार जुनी आहे. सिम्युलेटरवर इतकी मुलं शिकली, कुणाची तक्रार नाही.

“कुणाचीच नाही?”

“ती सोडून.”

“कस्तुरी आली होती तुझ्याकडे?”

“आली होती. तीनदा आली. म्हणे, बाहेर वारा सुटतो तेव्हा आत काहीच हलत नाही. आत्ता कुठे शिकायला लागलेली पोर, मला हवामान शिकवणार. सगळे एक सांगतात आणि ही एकटीच भलतं बोलते. मग चूक कुणाची धरायची?”

“तू काय केलंस?”

“काय करायचं? म्हटलं, जा, सराव कर.”

तव्याचा आवाज थांबला.

बुवांना राग आला की त्यांचा आवाज खाली जातो. जे त्यांच्याकडे विमान चालवायला शिकले, ते त्या आवाजाला ओरडण्यापेक्षा जास्त घाबरतात. शार्दूलही एके काळी घाबरायचा.

“तिचा उजवा हात मोडलाय, शार्दूल. आठवडाभर मी चिडलेला आहे. तुझ्यावर चिडलोय, आणि माझ्यावरही. तुला मी शिकवलंय.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा तिचीच बाजू घेणार.”

“बाजेखाली गांधीलमाश्या आहेत.”

“असू देत!”

शार्दूल बाजेवर धाडकन बसला.

...

पुढचं वर्णन करण्यासारखं नाही. एक पोटरीला, एक मनगटाला, एक कानामागे. तो अंगणभर नाचला, एक चप्पल विहिरीकडे उडाली, आणि शेवटी तो ओट्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं. वेदनेचं कमी, संतापाचं जास्त.

“सांगता येत नव्हतं?” तो ओरडला. “बघत बसलात! सांगायचं तरी—”

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

बुवा उठले. आत गेले, चुन्याची डबी घेऊन आले, आणि त्याचा हात ओढून मनगटाला चुना लावू लागले. हात हलका नव्हता.

“ऐकू आलं नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“आलं होतं.”

“मग?”

“मला वाटलं... आपलं वेगळंच चाललंय, आणि तुम्ही मध्येच काहीतरी...”

त्यानं मान खाली घातली. बुवांनी ती हातानं वळवली आणि कानामागे चुना लावला.

“दरीचा वारा रोज येतो?”

“रोज. दुपारी.”

“कसा येतो?”

...

हा प्रश्न शार्दूलला नवा नव्हता. इथे शिकणाऱ्या प्रत्येकाला बुवा पहिल्याच आठवड्यात धावपट्टीच्या कडेला उभं करत आणि दुपार होईपर्यंत हलू देत नसत. वारा गालावर बसायचा. मुलं त्याला थप्पड म्हणत. पाच-सहा नॉटची झुळूक चालू असते, कसलीही सूचना नसते, आणि मग ती येते. शार्दूलनंही ती खाल्ली होती. नंतर तो वातानुकूलित खोलीत गेला, दार लावून घेतलं, आणि पाहुण्यांच्या हसण्यापुढे गालावरची ती थप्पड विसरला.

“एकदम,” तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

दोघे ओट्यावर बसून राहिले. बुवांनी तवा पालथा घातला. समितीला अजून अवकाश होता.

कडुलिंब सळसळला. मग सगळा एका बाजूला वाकला. कुंपणापलीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी खांबावर लोंबकळत होती, ती ताठ आडवी झाली. अंगणातली राख उडून शार्दूलच्या तोंडावर आली.

त्यानं लॅपटॉप उघडला. क्लबमधलं ॲड-ऑन त्यावरही चालत होतं, खांबावरचा आकडा तिथंही येत होता. पडद्यावर लिहिलेलं होतं, वारा सहा नॉट. पडद्यावरचं चिमुकलं विमान धावपट्टीवर शहाण्यासारखं उभं होतं.

शार्दूल त्या सहाकडे बघत राहिला. नंतर सुजलेल्या हातानं त्यानं स्वतःचा नियम शोधला आणि बंद केला.

सहाचे सव्वीस झाले. विमान थरथरलं, तिरकं झालं, आणि धावपट्टी सोडून गवतात गेलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

“यंत्र ठीक आहे,” शार्दूल म्हणाला. “ते रोज सांगत होतं. तीही सांगत होती. मी तिला म्हटलं, जा... सराव कर. कशाचा सराव करणार होती ती?”

बुवांनी चुन्याची डबी मिटली. त्यांचा राग उतरला नव्हता, आणि उतरल्याचं सोंगही त्यांनी आणलं नाही.

शार्दूलनं विहिरीकडची चप्पल शोधून आणली, पण पायात घातली नाही. दोन्ही चपला उंबऱ्याशी काढून ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला. बुवांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

“समितीत सगळे मोठे लोक आहेत,” तो म्हणाला. “त्यांच्या मनात आधीच ठरलंय, मुलगी घाबरली. मी मध्येच उठून भलतंच बोललो, तर ऐकतील का?... त्यांना मी काय सांगू, बुवा?”

बुवा बाजेकडे बघत होते. माश्या परत येऊन तिच्या पायाशी बसत होत्या.

“सांग,” ते म्हणाले, “बाजेखाली गांधीलमाश्या आहेत.”