ठकूबाईने माघारी नेलेला दगड

हा राखणजाईचा डोंगर. देवळापुढे एवढा थोरला चौथरा आहे, पण त्यावर नवसाचा एक दगडही दिसायचा नाही. मघाशी तुमच्यातल्या एका पाहुण्यांनी विचारले, तंबाखू देवीपाशी सोडू का? मी नको म्हटले, त्याचा राग मानू नका. लोक काशीला जाऊन वांगे सोडतात, आणखी कुठे दारू सोडतात. आमच्या मोहरवाडीच्या देवीपाशी काही सोडता येत नाही. मी इथला गुरव, तेव्हा त्यामागची हकीकत सांगायचा मान माझा.

पूर्वी इथेही सोडायची चाल होती म्हणे. रानातला काळा दगड उचलायचा, त्याला आपल्या खोडीचे नाव द्यायचे, चौथऱ्यावर ठेवायचा आणि मागे न बघता डोंगर उतरायचा.

त्या काळी गावात ठकूबाई नावाची बाई होती. तिचा राग असा की भांडणारे तिला येताना पाहून आपसात समेट करीत. एके दिवशी रागाच्या भरात तिने वरवंटा भिरकावला आणि तो तिच्याच लेकीच्या, सोनाईच्या कपाळाला लागला. पोर वाचली, पण एक डोळा गेला. ठकूबाईने अन्नपाणी टाकले. मग रागाचा दगड उचलून डोंगर चढली आणि चौथऱ्यावर ठेवून आली.

राग खरोखर गेला, असे सांगतात. पार गेला. वाळवणात कोंबडी शिरली तरी ही म्हणायची, "बाई गं, जरा बाजूला होतीस का?" देवी पावली म्हणून गाव खूश झाले.

पुढे एका उन्हाळ्यात वरच्या गावच्या पाटलाने आपल्या आमराईसाठी ओढाच अडवला. बांध घातला, त्याच्या तोंडाला जाड फळी ठोकली. खाली मोहरवाडीत थेंब येईना. विहिरींचा तळ दिसला, गुरे बसल्या जागी मरू लागली. गावकरी हात जोडून गेले नि हात हलवत परत आले. मग त्यांना ठकूबाई आठवली. तिला पुढे करून ते पुन्हा गेले. पाटील म्हणाला, "पाणी मिळायचं न्हाई." ठकूबाईने खाली मान घातली. "बरं," म्हणाली. पाटील पोट धरून हसला.

गाव उठायची वेळ आली. घरोघरी गाठोडी बांधली जात होती. त्या दिवशी सोनाई आईला म्हणाली, "आये, तू चिडायचीस तवा मला तुजं भ्या वाटायचं. आता समद्या जगाचं वाटतं."

ठकूबाई भर उन्हात हा डोंगर चढली. चौथऱ्यावरच्या ढिगातून तिने आपला दगड हुडकून काढला. गुरव, म्हणजे आमचाच कोणी पूर्वज, आडवा आला. "देवीला दिल्यालं माघारी नेत्यात व्हय?"

"दिलं कुटं? माजं वझं मी तिच्या गळ्यात मारलं. माजं मला पायजे."

तेव्हा गुरवाच्या अंगात देवी आली म्हणे, आणि एवढेच बोलली, "ने. पण सांभाळ."

दगड ओटीत घेऊन ती तडक बांधावर गेली. तिच्या आवाजाने आमराईतले गडी बाहेर आले, पाटील आला. तो पुन्हा हसला, आणि ठकूबाईने दगड उगारला. पाटलाचे कपाळ हातभर अंतरावर होते. तिला तिथे सोनाईचे कपाळ दिसले. तरी राग ओसरला नाही. तिने तो ओसरू दिलाच नाही, नुसता वळवला. सगळे बळ लावून दगड फळीवर घातला, पुन्हा घातला, फळी फुटेपर्यंत घालत राहिली. पाटलाचे गडी जागचे हलले नाहीत. पाणी सुटले, आणि त्याच्या पुढे धावत लोक गाठोडी सोडायला घरी गेले.

गाव तिचे देऊळ बांधायला निघाले होते. तिने सगळ्यांना शिव्या घालून हाकलले. दगड मात्र चुलीपाशी, रोज नजरेला पडेल असा ठेवला. त्यानंतर म्हणे एकेकाने येऊन आपापला दगड उचलून नेला आणि चौथरा रिकामा झाला. इतर गावांना आपल्या साधुपुरुषांचा अभिमान असतो. आम्हाला या तापट बाईचा आहे, आणि तो आम्ही छाती फुगवून सांगतो.

आजही जत्रेला आम्ही काळा दगड घेऊन वर येतो आणि देवीपुढे आपली खोड मोठ्याने सांगतो. कोणी म्हणतो, मी चिक्कू आहे. कोणी म्हणते, मला जावेचे चांगले बघवत नाही, आणि जाऊ शेजारीच उभी असते. कोणी हसत नाही. मग दगड पुन्हा ओटीत घालून माणूस उतरायला लागतो, आणि ती जाऊ, सासू, शेजारीपाजारी, सगळा डोंगर त्याच्या पाठीमागून एका आवाजात म्हणतो, "ने. पण सांभाळ."