वामरथाचे दर्भासन

पूर्वी कृतयुगात वेणुमती नदीच्या उत्तर तीरावर शंभर वर्षांचे एक महासत्र चालू होते. युग कृतच होते की त्रेतायुगाचा आरंभ, याविषयी आता मन साशंक होते; ही कथा ऐकल्याला इतका काळ लोटला आहे की तिथल्या पर्णकुटी किती होत्या हेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. यज्ञमंडपाला दार मात्र एकच होते, हे नक्की. सगळे घडले ते त्या दारामुळे.

सत्रात सोळा ऋत्विज होते आणि त्यांना जागा देण्याची रीत एकच होती. ज्याच्या कमरेला मुंजगवताची मेखला आधी बांधली गेली तो पुढे, ज्याच्या मागाहून बांधली गेली तो मागे. एखादे आसन रिकामे झाले की मागचे सगळे एकेक पाऊल वर सरकत. विद्वत्तेची वा तपस्येची विचारपूस नसे. सर्वांत वरचे आसन ब्रह्मा या ऋत्विजाचे. तो अग्नीच्या दक्षिणेला दर्भासनावर मौन धरून बसे, इतरांच्या मंत्रांतली आणि कृतींतली चूक ओळखी आणि शेजारच्या दक्षिणाग्नीत तुपाची आहुती देऊन तिचे प्रायश्चित्त करी.

तिग्मकेतू आणि वामरथ एकाच सकाळी दीक्षेला आले होते. तिग्मकेतू पाय धुवायला नदीवर थांबला, वामरथ दाराशी जाऊन उभा राहिला, म्हणून वामरथाची मेखला आधी बांधली गेली. एका गाठीचे ते अंतर साठ वर्षे मिटले नाही. वामरथ सोमरस गाळू लागला तेव्हा तिग्मकेतू पात्रे धूत होता. वामरथ आहुती देऊ लागला तेव्हा तिग्मकेतू रस गाळत होता. तिन्ही वेद तिग्मकेतूला मुखोद्गत होते. वामरथाचा आवाज जड, गुडघे धरलेले, आणि एका कानाने त्याला कमी ऐकू येते असे सगळे म्हणत.

वृद्ध ब्रह्मा निवर्तला आणि कुलपती मौंजायनांनी त्या आसनावर वामरथाला बोलावले, तेव्हा तिग्मकेतू उठून म्हणाला, "भगवन्, ज्याला स्वतःचे सामगान धड ऐकू येत नाही त्याला इतरांच्या चुका ऐकायला बसवायचे, हा कोणता न्याय?"

"मेखलेचा," मौंजायन म्हणाले. "वत्सा, त्या सकाळी पाय जरा लवकर धुवायचे होतेस."

मंडपात हशा पिकला. तिग्मकेतू हसला नाही. वामरथाची आहुती देणाऱ्याची रिकामी झालेली जागा त्याच्याकडे आली; ती त्याने घेतली, पण मनातून त्याला दुसरीच हवी होती.

आरंभी अग्नीचा भाग द्यायचा आणि मग सोमाचा, हा क्रम देवांनीही कधी मोडला नव्हता. पुढच्या पौर्णिमेला तिग्मकेतूने तो जाणूनबुजून उलटा केला. सोमाला आधी दिले, अग्नीला नंतर, आणि दक्षिणेकडे पाहिले. वामरथाचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी छातीला टेकली होती. तिग्मकेतूने आहुतीची पळी खाली ठेवली आणि ब्रह्म्याकडे पाठ करून तो सभेसमोर उभा राहिला.

"ऋषिजनहो, आज मी अग्निदेवांचा क्रम चुकवला. तुमच्यापैकी कुणाला कळले नाही, त्याचा दोष तुमच्याकडे नाही. ज्याने कळून घ्यायचे तो ब्रह्मा निद्रेत आहे. केवळ दाराजवळ उभा राहिला म्हणून ज्येष्ठ झालेल्या या पुरुषाच्या हाती शंभर वर्षांचे पुण्य सोपवायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा."

वामरथ मौनव्रतात होता. तेवढ्यात वेदीतून सप्तजिव्ह, धूमध्वज, हव्यवाहन असा अग्नी साक्षात प्रकट झाला.

"तिग्मकेतो, माझा भाग आज सोमाच्या मागून आला."

"देवा, दंड मला द्या. पण तो आसनाचाही दोष आहे."

"माझे काही राहिलेले नाही," अग्नी म्हणाला. "यायचे ते सगळे पोचले. रोज सकाळी माझ्याभोवती तू तीन समिधा मांडतोस, त्या कोण?"

"आपले तीन वडील बंधू."

"देवांचे हविर्भाग वाहता वाहता तिघेही झिजून गेले. मग पाळी माझ्यावर आली. भिऊन मी पाण्यात लपलो होतो. त्यांच्याहून मी सरस आहे का, असे मला कुणी विचारले नाही."

"आपण सरस होता, देवा."

"असे तू म्हणतोस. त्यांना विचारायची सोय आता नाही." ज्वाळा क्षणभर खाली बसल्या. "साठ वर्षे तू मला विझू दिले नाहीस. वर माग."

"यापुढे हे आसन आधी आलेल्याचे नसो. चूक जो पकडील त्याचे असो."

"तथास्तु."

वामरथ गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि त्याने कमंडलू तिग्मकेतूच्या हाती दिला. "केतू, आसन डावीकडे जरा टोचते," तो म्हणाला. "सत्र संपेपर्यंत ते उचलायचे नाही, म्हणून सांगितले. सवय होते." शाप नाही, विलाप नाही, नदी ओलांडून तो अरण्यात निघून गेला.

वराचे फळ लवकरच दिसले. मंत्र म्हणणाऱ्याच्या तोंडाला इतर सगळ्यांचे कान लागले.

"हात थरथरला तुझा."

"थंडीने थरथरला. तुझी जीभ तर उन्हाळ्यातही थरथरते."

नवव्या दिवशी खुद्द तिग्मकेतूची चूक धरली गेली आणि त्याला आसन सोडावे लागले. त्याने ते परत मिळवले, पुन्हा घालवले. एका पावसाळ्यात त्या आसनावरचा माणूस एकोणीस वेळा बदलला, आणि एकही सूक्त अखंड म्हटले गेले नाही. अखेर त्याने अग्नीपुढे हात जोडले.

"देवा, वर परत घ्या."

"दिलेला वर परत येत नाही, त्याला मर्यादा घालता येते. चूक पकडणाऱ्याने ती कुणाची हे बोलू नये. बोलला की आसन गेले."

तेव्हापासून ब्रह्मा चूक करणाऱ्याचे नाव घेत नाही. आहुती मुकाट्याने देतो. पण चूक कुणी पकडली हे कळेनासे झाल्यावर आसन कुणाला द्यायचे, हा प्रश्न उरलाच. मौंजायनांनी पुन्हा मेखला पाहिल्या. वामरथ गेल्यामुळे सर्वांत ज्येष्ठ तिग्मकेतूच होता, आणि केवळ त्या कारणाने ते आसन त्याला मिळाले.

बावीस वर्षांनी सत्र संपले आणि आसन उचलले गेले. डाव्या बाजूला खाली दर्भाच्या गाठींचा ढीग होता, प्रत्येक गाठीचे टोक जळालेले. ते काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. मौनात बसलेला ब्रह्मा एका चुकीला एक गाठ मारतो आणि आहुतीच्या वेळी तिचे टोक दक्षिणाग्नीला लावतो; तिग्मकेतूच्या स्वतःच्या गाठी उजवीकडे होत्या. डावीकडच्या ढिगातली सर्वांत वरची गाठ उलटी मारलेली होती.

ती तळहातावर घेऊन तो मौंजायनांच्या कुटीत गेला. वामरथ अरण्यातच देह ठेवून गेला होता. मौंजायनांना आता दिसत नव्हते; त्यांनी गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"त्या पौर्णिमेला वामरथाने दक्षिणाग्नीत तूप सोडले होते का?" तिग्मकेतूने विचारले.

"सोडले होते," मौंजायन म्हणाले. "तो निद्रेत आहे असे तू सभेला सांगत होतास, तेव्हाच."