कातीवरचा खटला

एक होती काचेची पेटी. लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी तीस, उंची तीस. तळाला सात सेंटिमीटर नारळाचा भुसा. पेटीत पाण्याची वाटी एक, उपडी करवंटी एक, करवंटीखाली केसाळ कोळीण एक, वाणी किडा एक आणि रातकिडे चौदा. त्यांपैकी नर सहा, माद्या आठ.

कोळीण म्हणजे राणीसरकार. पाय पसरून तेरा सेंटिमीटर. पाय सात. आठवा एका लढाईत गेला, असे अधिकृत इतिहासात होते. ती लढाई पेटीच्या झाकणाशी झाली होती, हे इतिहासात नव्हते. वाणी म्हणजे प्रधान वाणीपंत. त्यांना दोनशे बारा पाय होते आणि चव अतिशय कडू होती. राणीसरकारांनी एकदा त्यांना तोंडात धरून लगेच सोडून दिले. त्या दिवसापासून ते प्रधान होते.

रातकिडे म्हणजे जनता. ही सगळी मोजदाद टिपरीची. टिपरी ही मादी रातकिडा पेटीची मोजणीदार होती. सकाळी दिवा लागला की ती एकेकाला मोजायची, आणि आकडा कितीही आला तरी तोच सांगायची. या दुसऱ्या सवयीमुळे तिला मित्र कमी होते.

दर बुधवारी झाकण उघडायचे आणि वरून एक हात गाजराचा तुकडा ठेवून जाई. मग जनता आपल्यातून एक मानकरी निवडत असे. मानकऱ्याने पोटभर गाजर खायचे आणि करवंटीत जाऊन राणीसरकारांची भेट घ्यायची. भेटीहून अजून कोणी परत आले नव्हते, त्यावरून भेट फार चांगली होत असावी, असे पंत सांगत. मतदान आवाजी पद्धतीने होई. रातकिड्यांत आवाज फक्त नरांना असतो. पंखावर पंख घासून ते तो काढतात. माद्या गप्प राहत, म्हणून त्यांची संमती धरली जाई. टिपरीच्या काळात एकूण रातकिडे पंचवीस होते. अकरा मानकरी झाले. अकराही माद्या.

मग अचानक राणीसरकारांनी खाणे सोडले. लागोपाठ पाच बुधवारी मानकरी आत गेला आणि परत आला.

पंतांनी सभा घेतली. "बंधूंनो," ते वाटीच्या काठावर चढून म्हणाले, "पाच आठवडे, शून्य मृत्यू. जनतेच्या प्रेमापोटी राणीसरकारांनी उपवास धरला आहे. असा त्याग कुठल्या पेटीत झालाय, दाखवा मला."

सहाही नरांनी पंख घासले. विरोधी पक्षनेते खर्जेराव यांनी सगळ्यांत मोठ्याने घासले, कारण उपवासाची मागणी मूळ त्यांची होती.

"पंत, त्यांच्या पोटावर मागे टक्कल आहे ना," टिपरी म्हणाली, "ते पाच आठवड्यांत काळं पडलंय."

"टिपरे, राणीसरकारांच्या पोटाकडे बघतेस?"

"माझं कामच आहे. आणि आपण सगळ्यांनी आठ-आठ वेळा कात टाकलीये. कात टाकायच्या आधी तुम्हाला गाजर गोड लागलं होतं का, मैनाक्का?"

मैनाक्का ही पेटीतली सर्वांत वयस्क मादी. ती विचार करून म्हणाली, "छे गं. अन्नाचा वाससुद्धा नको वाटायचा."

"आणि टाकल्यावर?"

"तेव्हा? समोर येईल ते खायची," मैनाक्का म्हणाली. खर्जेरावांनी विषय बदलला. पुढच्या बुधवारचा मानकरी म्हणून टिपरीचे नाव सुचवले गेले आणि आवाजी मतदानाने मंजूर झाले.

त्या आधीच्या शनिवारी दुपारी राणीसरकार करवंटीबाहेर आल्या, जाळ्याची सतरंजी विणली आणि तिच्यावर उताण्या पडल्या. सातही पाय वर.

"गेली," कोणीतरी म्हणाले.

"चिंतन चालू आहे," पंत म्हणाले.

"कात टाकतेय," टिपरी म्हणाली. "आता ऐका. बाहेर येईल तेव्हा ती मऊ असेल. सुळे पांढरे असतील, चावता येणार नाही. चौदा जणांनी मिळून आत्ता चावा घेतला, तर बुधवार कधीच येणार नाही."

खर्जेरावांचे डोळे चमकले. "हीच ती ऐतिहासिक वेळ. ताबडतोब सभा बोलवा."

"राव, सभा नको. चावा हवाय."

"अगं, पण चाव्याचा ठराव नको का? आधी कोणी चावायचं? डावीकडून की उजवीकडून? आणि चावल्यानंतर राणी कोण?"

या शेवटच्या प्रश्नावर चर्चा साडेचार तास चालली. उमेदवार सहा होते.

टिपरी एकटीच राणीसरकारांपाशी जाऊन बसली. पाठीवरची ढाल डबीच्या झाकणासारखी उघडली. मग एकेक पाय जुन्या पायातून सावकाश बाहेर आला, मोज्यातून ओढून काढावा तसा. नवे केस निळसर काळे, ओलसर, मखमलीसारखे. नव्या सुळ्यांचा रंग दुधासारखा. आणि तुटलेल्या पायाच्या जागी एक नवा पाय, बारीक, इतरांच्या निम्म्या लांबीचा. एवढे सुंदर टिपरीने कधी पाहिले नव्हते. ती दीड सेंटिमीटरवर होती आणि तिला जबडा होता. पण ती पाय मोजत होती.

सभा संपवून मंडळी आली, तेव्हा तिथे दोन राण्या होत्या. एक थकून कुशीवर पडलेली. दुसरी पाय पसरून स्तब्ध बसलेली, काळे सुळे तसेच.

खर्जेराव दोन पावले मागे सरले. वाणीपंत मात्र दोनशे बारा पावले पुढे गेले. त्यांनी स्तब्ध राणीला हळूच ढकलले. ती वाऱ्याने हलावी तशी हलली.

"बंधूंनो," पंत म्हणाले, "जुलमी राजवट कोसळली आहे."

खटला लगेच उभा राहिला. आरोपी, स्तब्ध राणी. आरोप, अकरा मानकरी खाल्ले. सरकारी वकील खर्जेराव. गुन्हा कबूल आहे का, असे तीनदा विचारले गेले आणि आरोपीने उद्दामपणे मौन पाळल्याची नोंद झाली. खर्जेरावांनी आत डोकावून पाहिले.

"आत काहीच नाही," ते गहिवरून म्हणाले. "आपण इतकी वर्षं एका पोकळ सत्तेला घाबरलो."

"राव, तीच आहे ती," टिपरी म्हणाली. "ती तिची कात आहे."

"जुन्या राणीला पाय किती?" पंतांनी विचारले.

"सात."

"नवीनला?"

"आठ. पण आठवा—"

"पुरावा संपला," पंत म्हणाले.

कातीला जन्मठेप झाली आणि ती वाटीमागे ठेवण्यात आली. नवीन राणीसरकार बिनविरोध निवडून आल्या. नरांनी घोषणा बसवली: सात पायांची रात्र सरली, आठ पायांची पहाट झाली.

टिपरीने हट्ट सोडला नाही. "सुळे बघा," ती म्हणाली. "ते लाल होतील, मग काळे. काळे होईपर्यंत वेळ आहे."

हे पंतांना एकदम पटले. त्यांनी सुळे निरीक्षण समिती नेमली. सदस्य एक, टिपरी. मुदत, सुळ्यांचा अंतिम रंग निश्चित होईपर्यंत. अहवाल येईपर्यंत कोणीही चावू नये, असा ठराव खर्जेरावांनी मांडला.

त्या बुधवारी वरचा हात आला नाही. गाजर नाही म्हणून मानकरीही नाही. हे नव्या राजवटीचे पहिले यश ठरले.

टिपरी रोज सकाळी करवंटीत जाई, अगदी जवळून पाही आणि परत येई.

"लाल झालेत. अजून मऊ आहेत. आज चावू या."

"अहवाल पूर्ण झाला का?" खर्जेराव विचारत.

"नाही."

"मग घाई कशाची, टिपरे? नव्या राणीसरकारांच्या स्वागत समारंभाचं बघ जरा."

नवव्या दिवशी ती मैनाक्काला म्हणाली, "मी उद्या नको जाऊ का?"

मैनाक्काने बराच वेळ तिच्या मिशा साफ करून दिल्या. "तू नाही गेलीस तर रंग कोण सांगणार गं?"

सुळे निरीक्षण समितीचा अहवाल बाराव्या दिवशी सभेपुढे वाचला गेला. शेवटच्या दोन ओळी मैनाक्काच्या होत्या.

पहिला दिवस, पांढरे. चौथा दिवस, गुलाबी. सातवा दिवस, लाल. दहावा दिवस, तपकिरी.

अकरावा दिवस, काळे.

रातकिडे तेरा.